वडिलांच्या पश्चात थांबलेला हप्ता: आधी वारस नोंद, मग अर्ज

प्रश्न थोडक्यात असा आहे. करवीर तालुक्यात नदीकाठच्या गावी राहणाऱ्या एका शेतकऱ्याचे वडील गेल्या वर्षी आखाडात वारले. वडिलांच्या नावे पीएम-किसानचा आणि नमो शेतकरी महासन्मान योजनेचा हप्ता येत होता. मृत्यूनंतरही तो प्रत्येकी एकदा जमा झाला, घरात खर्च झाला आणि मग बंद पडला. जमीन २ एकर १० गुंठे, त्यातली एक एकर मळीची, म्हणजे नदीकाठच्या गाळाची, आणि बाकीची माळाची. सातबारा अजून वडिलांच्याच नावे आहे. मागे आई, दोघे भाऊ आणि कागल तालुक्यात दिलेली एक बहीण असे वारस आहेत. थोरला "गोकुळ शिरगाव" औद्योगिक वसाहतीत कारखान्यात कामाला आहे, धाकटा शेती पाहतो. धाकट्याने स्वतःच्या नावे भरलेला पीएम-किसानचा अर्ज नामंजूर झाला आहे आणि माळाच्या उसाला बसवलेल्या ठिबकचे अनुदानही आलेले नाही. वडिलांचा हप्ता आईच्या नावे करून मिळेल का आणि ठिबकच्या पैशासाठी कोणाला भेटावे, असे त्यांनी विचारले आहे.

कृषी खात्यात ३१ वर्षे काम करून मी निवृत्त झालो आणि निवृत्तीनंतरही आठवड्याला दोन-तीन माणसे हाच प्रश्न घेऊन घरी येतात, म्हणून जरा विस्ताराने उत्तर देतो. वडिलांचा हप्ता आईच्या नावे "करून" मिळत नाही. पीएम-किसान म्हणजे निवृत्तिवेतन नव्हे की जे विधवेकडे वर्ग व्हावे. लाभार्थी मयत झाला की त्याची नोंद संपते, आणि वारसांपैकी ज्यांचे नाव जमिनीच्या नोंदीत लागेल व जे इतर अटींत बसतील त्यांनी प्रत्येकी नव्याने नोंदणी करायची असते. धाकट्याचा अर्ज नामंजूर झाला तो कोणी आकसाने केलेला नाही. त्याच्या नावे जमीनच नसताना दुसरा निकाल लागणे शक्य नव्हते. तेव्हा ही गाठ सुटायची ती कृषी कार्यालयात नव्हे, चावडीत.

वारस नोंदीकडे आपल्याकडे फार आरामात पाहिले जाते. बारावे-तेरावे होते, वर्षश्राद्ध होते, सोसायटीचे पीककर्ज वडिलांच्याच नावे नवे-जुने होत राहते, कारखान्याला ऊस त्यांच्याच नोंदीवर जातो आणि कोणाचे काही अडत नाही. अडते ते पहिल्यांदा सरकारी पैशाच्या वेळी. कायद्याने तीन महिन्यांच्या आत वारसांनी ग्राम महसूल अधिकाऱ्यास, म्हणजे आपल्या नेहमीच्या बोलण्यातल्या तलाठ्यास, कळवायचे असते. मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे असलेले प्रतिज्ञापत्र, वडिलांचा ८-अ (खाते-उतारा) आणि वारसांची आधारकार्डे घेऊन अर्ज द्यावा. ई-हक्क प्रणालीतून तो ऑनलाइनही देता येतो. स्थानिक चौकशी होऊन नावे आधी वारस रजिस्टरला, म्हणजे गाव नमुना ६-क ला लागतात, मग फेरफार, म्हणजे हक्कातल्या बदलाची नोंद, धरला जातो, १५ दिवसांची नोटीस निघते आणि हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. वाद नसेल तर महिना-दीड महिन्यात काम होते असा माझा अनुभव आहे. मयत खातेदारांच्या वारसांची नावे लावण्यासाठी २०२५ मध्ये राज्यभर "जिवंत सातबारा" मोहीम झाली. त्या वेळी आपल्या गावी यादी वाचली गेली असल्यास वडिलांचे नाव तीत आले होते का, तेही चावडीत विचारून घ्यावे.

इथे तीन ठिकाणी लोक हमखास अडखळतात. पहिले ठिकाण बहिणीचे. "तिला कशाला घालायचे, ती काही मागत नाही" असे म्हणून प्रतिज्ञापत्रातून बहिणीचे नाव वगळणारे भाऊ मी पुष्कळ पाहिले, आणि पुढे त्यातले कित्येक जण प्रांत कार्यालयाच्या पायऱ्या चढतानाही पाहिले. मुलगी वारस आहे; तिचे नाव लागलेच पाहिजे. तिला हिस्सा सोडायचा असेल तर नोंद झाल्यावर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे. चावडीत दिलेल्या साध्या जबाबाने हक्क सुटत नाही. दुसरे ठिकाण जुन्या नोंदींचे. सातबाऱ्यावर वडिलांच्या नावामागे "ए.कु.मॅ." असा शेरा आहे का ते नीट पाहा. एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून ते नाव लागलेले असेल तर चुलत्यांचे हक्क त्या शेऱ्याखाली दडलेले असतात, आणि नुसती वारस नोंद करून भागत नाही. तिसरे ठिकाण नावाच्या अक्षरांचे. आईचे नाव फेरफारात "हौसाबाई", आधारवर "हौसा" आणि पासबुकात आडनाव आधी असा प्रकार झाला की पुढे प्रत्येक संगणक तिला वेगळी बाई समजतो. म्हणून अर्जासोबत आधारची प्रत देऊन "नाव याप्रमाणेच लावावे" असे लेखी सांगावे. पाच मिनिटांचे काम आहे. नंतर तेच दुरुस्त करायला हंगाम जातो.

आता कोणाकोणाला लाभ मिळेल ते पाहू. या योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अज्ञान मुले एवढेच. आजोबा, चुलते, सज्ञान भाऊ एका चुलीवर जेवत असले तरी ती योजनेच्या दृष्टीने वेगवेगळी कुटुंबे ठरतात. एकाच सामाईक खात्यात अनेक कुटुंबांची नावे असतील तर पात्र असलेल्या प्रत्येक कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये स्वतंत्रपणे मिळू शकतात. हिश्श्याला बावीस गुंठेच येतात म्हणून कोणी बाद होत नाही. त्यामुळे वारस नोंद झाल्यावर आपली आई एक कुटुंब, धाकटा भाऊ दुसरे आणि थोरला तिसरे. मात्र थोरल्याने मागील कर निर्धारण वर्षात आयकर भरला असेल तर तो अपात्र आहे. नुसते विवरणपत्र भरणे आणि प्रत्यक्ष कर भरणे यांत फरक आहे. कर शून्य आला असेल तर त्या अटीने तो बाद होत नाही. बहिणीच्या बाबतीत तिच्या यजमानांना कागल तालुक्यात हप्ता मिळत असेल तर तिने येथे अर्ज करू नये. नवरा आणि बायको दोघांच्या नावे लाभ घेतल्याच्या संशयावरून पुष्कळ नोंदी प्रत्यक्ष पडताळणी होईपर्यंत रोखून धरल्या गेल्या, आणि त्या मोकळ्या करताना दोघांनाही हेलपाटे पडले.

जमिनीच्या तारखेची अट नीट समजून घ्यावी, कारण आपल्या जिल्ह्यात बहुतेक अर्ज तिच्यावर आपटतात. योजना १ डिसेंबर २०१८ पासून लागू झाली आणि जमीनधारणेसाठी १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख धरली गेली. त्यानंतर खरेदीने किंवा बक्षीसपत्राने नाव लागले तर लाभ मिळत नाही. मृत्यूमुळे वारसाहक्काने लागले तर मिळतो. परिणामी, शहाणपणाने आपल्या हयातीत मुलांच्या नावे बक्षीसपत्र करून देणाऱ्या बापाची मुले बाहेर राहतात आणि काहीच न करता गेलेल्या बापाची मुले आत येतात. हे विचित्र आहे, पण नियम असा आहे. आपल्या बाबतीत तो अनुकूल आहे, मात्र एक काळजी घ्यावी. वारस नोंदीनंतर बहिणीचे हक्कसोडपत्र झाले तर त्याचा दुसरा फेरफार होईल. नोंदणी करताना सेवा केंद्रातला मुलगा घाईत शेवटचा फेरफार क्रमांक टाकतो, आणि जमीन वारसाने नव्हे तर इतर मार्गाने आल्याचे दिसून अर्ज परत येतो. क्रमांक आणि दिनांक वारस फेरफाराचाच द्यावा, हस्तांतरणाचे कारण "वारसा" असेच निवडावे आणि वडिलांचा मृत्यूचा दाखला सोबत चढवावा.

नोंदणीपूर्वी तिघांनीही आपापला शेतकरी ओळख क्रमांक काढून घ्यावा. ॲग्रिस्टॅक या सरकारच्या डिजिटल शेतकरी-नोंद प्रणालीचा हा क्रमांक महाराष्ट्रात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी सक्तीचा झालेला आहे. वडिलांचा क्रमांक काढलेला असला तरी तो वारसांना चालत नाही. सामाईक खात्यातला आपला हिस्सा तेवढाच जोडावा. सगळे ९० गुंठे एकाच्या नावे जोडले तर दुसऱ्याच्या वेळी खाते सापडत नाही. स्वयंनोंदणी झाली की छाननी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे आणि जमिनीच्या नोंदीचा भाग तहसील कार्यालयाकडे असतो, म्हणून चौकशी करताना अर्ज नेमका कोणत्या टप्प्यावर आहे ते आधी पाहून मगच त्या दारात जावे. नमो योजनेसाठी वेगळा अर्ज नाही. पीएम-किसानच्या पात्र यादीवरूनच ती रक्कम दिली जाते. एक गोष्ट मात्र मनाशी पक्की धरावी. नव्या लाभार्थ्यास ज्या चार महिन्यांच्या काळात नोंद झाली तेथून पुढचे हप्ते मिळतात, मागचे मिळत नाहीत. आपण घालवलेल्या वर्षाचे पैसे गेले ते गेलेच.

नोंद मंजूर झाल्यावरही हप्ता येत नसेल तर पीएम-किसानच्या संकेतस्थळावर लाभार्थी स्थितीत तीन ओळी पाहाव्यात: ई-केवायसी (ओळखीची पडताळणी), लँड सीडिंग (जमिनीच्या नोंदीची जोडणी) आणि आधार-बँक सीडिंग (आधारशी बँकेची जोडणी). आईच्या वयाच्या बायकांची अडचण पहिल्या ओळीत होते. आयुष्यभर भांगलण आणि उसाचा पाला ओढून बोटांचे ठसे इतके झिजलेले असतात की यंत्र ते घेतच नाही. अशा वेळी अंगठा दाबत बसू नये. पीएम-किसानच्या मोबाइल ॲपवर चेहऱ्याद्वारे ई-केवायसी होते आणि ती घरी बसून करता येते.

तिसऱ्या ओळीचा घोळ समजण्यासाठी एक प्रसंग सांगतो. भुदरगड तालुक्यातल्या एका वाडीवरच्या आजी पासबुक, आधार आणि कागदाची सुरळी पिशवीत घेऊन आल्या होत्या. त्यांच्या स्थितीत सहा हप्ते "जमा" असे दिसत होते आणि जिल्हा बँकेच्या पासबुकात एकही नव्हता. शाखेत त्यांना चार वेळा "आधार लिंक आहे" असे सांगितले गेले होते, आणि ते खोटेही नव्हते. पण बँकेच्या खात्याला आधार जोडणे वेगळे आणि एनपीसीआयच्या, म्हणजे बँकांमधली देवघेव सांभाळणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या, नोंदीत त्या आधारपुढे कोणत्या बँकेचे नाव आहे ते वेगळे. सरकारी पैसा अर्जात लिहिलेल्या खाते क्रमांकावर जात नाही; आधारपुढे शेवटी ज्या बँकेचे नाव लागले आहे तिकडे जातो. आधार संकेतस्थळावर बँक सीडिंग स्थिती काढली, तेव्हा भलत्याच पेमेंट बँकेचे नाव आले. नातवाने सिमकार्ड घेताना आजींचा अंगठा दोनदा घेतला गेला होता आणि दुसऱ्या अंगठ्याला खाते उघडले गेले होते. त्या खात्यात बारा हजार रुपये होते. आजींनी ते काढले, पदरात बांधले आणि "म्हणजे सरकारनं दिलं हुतं की," एवढेच म्हणाल्या. आपल्या तिघांनीही नोंदणीपूर्वीच ही स्थिती पाहून ठेवावी आणि पाहिजे त्या बँकेत डीबीटीसाठी (सरकारी पैसा थेट खात्यावर येण्यासाठी) सीडिंगचा अर्ज देऊन पोच घ्यावी.

ठिबकच्या बाबतीत मला कटू बोलावे लागेल. आपण सोबत पाठवलेल्या कागदांवरून असे दिसते की महाडीबीटी या राज्याच्या अर्ज-संकेतस्थळावर अर्ज वडिलांच्या नावे होता, त्यांची निवडही झाली होती, पण पूर्वसंमती निघण्याआधीच विक्रेत्याने "संमती येईलच" असे सांगून संच बसवला आणि बिलही त्याच दिवशी फाडले. त्यानंतर वडील वारले. या संचाचे अनुदान मिळणार नाही. निवड, कागदपत्रे, पूर्वसंमती, मग खरेदी आणि उभारणी, त्यानंतर बिल चढवणे, मोका तपासणी (शेतावर जाऊन पाहणी) आणि शेवटी खात्यावर रक्कम असा हा क्रम आहे. पूर्वसंमतीच्या आधीचे बिल ग्राह्य धरता येत नाही. अर्जदारच हयात नसल्याने तो अर्जही आता पुढे सरकणार नाही. "बिलाची तारीख बदलून देतो" असे कोणी म्हणाले तर त्या वाटेला जाऊ नये. मी स्वतः एकदा पन्हाळ्याकडच्या एका शिवारात मोका तपासणीला गेलो असताना बिलावरचा महिना तीनचा आठ केलेला दिसला. संच खरा होता, ऊसही चांगला कमरेइतका आला होता, पण लॅटरलच्या नळीवर पाचटाचा आणि शेवाळाचा जो थर बसला होता तो पंधरा दिवसांचा नक्कीच नव्हता. शेतकरी बिचारा माझ्या तोंडाकडे पाहत राहिला, त्याला आठ आणि तीनची गोष्ट ठाऊकच नव्हती. अनुदान नाकारल्याचा शेरा मात्र मला त्याच्याच नावापुढे लिहावा लागला, विक्रेत्याच्या नव्हे.

तरी सगळे गेले असे नाही. वडिलांच्या अर्जावर अनुदान दिले गेलेले नाही, आणि मळीच्या एकरात संच बसलेलाच नाही. वारस नोंद झाली की धाकट्याने आपल्या शेतकरी ओळख क्रमांकावर त्या क्षेत्रासाठी नवा अर्ज करावा. सामाईक खाते असल्याने आई आणि इतर सहधारकांचे संमतीपत्र जोडावे. आपण अत्यल्प भूधारकांत मोडता. केंद्राच्या योजनेतून ५५ टक्के आणि त्यावर राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून पूरक मिळून ८० टक्क्यांपर्यंत अनुदान बसते. दोन हेक्टरांवरच्या शेतकऱ्यास ते ७५ टक्क्यांपर्यंत आहे. हे टक्के विक्रेत्याच्या बिलावर नव्हेत, शासनाच्या खर्चाच्या मापदंडावर मोजले जातात. बिल मापदंडापेक्षा मोठे असेल तर वरचा सगळा फरक आपल्या खिशातला. विक्रेता "ऐंशी टक्के सरकार देतंय" म्हणतो तेव्हा तो ही गोष्ट गिळतो. एकदा अनुदान घेतले की त्याच क्षेत्राला सात वर्षे पुन्हा मिळत नाही, तेव्हा संच चांगलाच घ्यावा. मळीला ठिबक करावे का, हा मात्र वेगळा विचार आहे. पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून दोन-चार दिवस थांबली की पाणी उतरल्यावर लॅटरल गाळात शोधाव्या लागतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर मी शिरोळ-हातकणंगल्याच्या शिवारांतून उपसून ठेवलेल्या नळ्यांचे ढीग पाहिले आहेत. माझ्या शेतात मी बसवले नसते.

मळीचा विषय निघाला म्हणून पूरमदतीबद्दल दोन वाक्ये सांगतो, कारण तेथेही हीच नोंद आड येते. पंचनामा पिकाचा होतो, पण पैसे खातेदाराच्या नावे निघतात. मयत खातेदाराच्या नावे यादी गेली तर ती रक्कम ई-केवायसीअभावी तशीच पडून राहते. सामाईक खात्यात कोणाच्या नावे घ्यायची त्याचे संमतीपत्र आधीच देऊन ठेवावे. ३३ टक्क्यांवर नुकसान असेल तरच मदत बसते आणि केंद्राच्या आपत्ती निकषांत बागायतीला हेक्टरी १७,००० रुपये आहेत, म्हणजे आपल्या एका एकराला सात हजारांच्या आतच. या मदतीतून बँकेने कर्जाची वसुली करू नये असे शासन निर्णयातच लिहिलेले असते. कोणी खाते अडवून धरले तर त्या निर्णयाची प्रत घेऊन शाखेत लेखी अर्ज द्यावा, तोंडी हुज्जत घालू नये.

सातबारा पाहतानाच माळाच्या तुकड्याचा सत्ताप्रकारही, म्हणजे जमीन कोणत्या हक्काने धरलेली आहे तेही, पाहावा. आपल्या जिल्ह्यात देवस्थानच्या जमिनी पिढ्यान्‌पिढ्या कसणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. तेथे मालकीच्या रकान्यात देवाचे नाव असते आणि कसणारा इतर हक्कांत. अशा जमिनीवर पीएम-किसान मिळत नाही, खंडाने कसणाऱ्यालाही मिळत नाही. घाम कोणाचा हे ही योजना विचारत नाही, नाव कोणाचे एवढेच विचारते. मला हे कधी पटले नाही, पण मी नियम सांगतो आहे.

शेवटी वडिलांच्या पश्चात आलेल्या दोन हप्त्यांचे. ते ४,००० रुपये आपले नव्हेत. घरच्यांनी चोरी केली असे कोणी म्हणत नाही. मृत्यूची खबर त्या यादीपर्यंत पोहोचली नव्हती. पण पडताळणीत ते निघाले की तहसीलमधून वसुलीची नोटीस येते, आणि आयकर भरणाऱ्या लाभार्थ्यांना अशा नोटिसा आलेल्या आपल्या गावात कोणीतरी पाहिल्याच असतील. नोटिशीची वाट पाहू नये. पीएम-किसानच्या हप्त्याचे २,००० रुपये संकेतस्थळावरच्या परतावा सुविधेतून भरता येतात. नमोच्या रकमेसाठी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात मृत्यूच्या दाखल्यासह लेखी कळवून भरणा कोठे करायचा ते विचारावे. दोन्हींच्या पावत्या जपून ठेवाव्यात, आणि आईच्या नव्या अर्जाच्या फाइलला त्यांची एक-एक छायाप्रत लावून टाकावी.